शून्यातून मोबाइल अ‍ॅप शिकायचंय, बचत गटाच्या वहीसाठी. सुरुवात कुठून करू?

वहीवाली | ३ जून, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

कराडजवळच्या एका गावात राहते. वय ३८, बी.कॉम. संगणकाचं म्हणाल तर २००८ साली केलेलं एमएससीआयटी, तेवढंच. आमच्या बचत गटात आम्ही चौदा जणी, आणि गेली सहा वर्षं सचिव मी, म्हणजे वही माझ्या ताब्यात. दर महिना २०० रुपये बचत, त्यातूनच गरजेला अंतर्गत कर्ज, शेकडा २ रुपये व्याज. १० तारखेच्या मीटिंगच्या आदल्या रात्री मी कॅल्क्युलेटर घेऊन बसते. मार्चमध्ये एकीला माझ्या चुकीनं ९० रुपये जास्त व्याज लागलं. तिनं मुकाट्यानं भरलं. पुढच्या महिन्यात माझ्याच लक्षात आलं, पैसे परत दिले, पण मनातली सल काही गेली नाही.

तेव्हापासून वाटतंय की या वहीचं अ‍ॅप करावं, आणि स्वतः करावं. पण प्रोग्रामिंगमधलं ओ की ठो कळत नाही. लॅपटॉप आहे, ४ जीबी रॅमचा, सात-आठ वर्षं जुना. फोन अँड्रॉइड. रोज रात्री जेवणं आवरल्यावर तासभर देऊ शकते. कुणी जावा म्हणतं, कुणी कोटलिन, कुणी फ्लटर. क्लास लावावा का? आणि या वयात, या शिक्षणावर हे जमतं का? खरं काय ते सांगा.

गणितमास्तर | ३ जून, रात्री १०:४०

ताई, चौदा जणींच्या हिशेबाला गूगल शीट पुरते. एक पान बचतीचं, एक कर्जाचं, व्याजाचं सूत्र एकदा बसवलं की झालं. अर्ध्या दिवसाचं काम आहे. अ‍ॅप शिकण्यात वर्ष जाईल आणि तोवर वही तशीच राहील.

टिंब | ३ जून, रात्री १०:५५

मास्तरांना +१.

वहीवाली | ३ जून, रात्री ११:२०

मास्तर, शीट करून पाहिली. मीटिंग देवळाच्या ओवरीत असते, तिथं लॅपटॉप नेत नाही, फोनवर उघडते. फोनच्या एवढ्याशा पडद्यावर चुकून बोट लागलं आणि सूत्राच्या जागी नुसता आकडा बसला. दोन महिने कळलंच नाही. आणि दुसरं म्हणजे, मला शिकायचंच आहे. वही हे निमित्त आहे असंही म्हणा.

पाखरू | ४ जून, सकाळी ७:३०

मग फ्लटर घ्या, म्हणजे गूगलचं अ‍ॅप बनवायचं साधन, डोळे झाकून. एकदा लिहिलं की अँड्रॉइडवरही चालतं आणि आयफोनवरही. भाषा डार्ट, सोपी आहे. कोडमध्ये रंग बदलला की फोनवर क्षणात दिसतो, त्यामुळे शिकताना हुरूप येतो. मी स्वतः मेकॅनिकलचा, तीन वर्षांपूर्वी यातूनच या क्षेत्रात आलो.

कृष्णाकाठ | ४ जून, सकाळी ९:१५

अकरा वर्षं अँड्रॉइडवर काम करतोय, पुण्यात. मूळचा वाळव्याचा, म्हणजे ताईंच्या शेजारचाच.

भाषेचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. त्याआधीचे दोन प्रश्न जास्त महत्त्वाचे.

पहिला लॅपटॉपचा. अँड्रॉइड स्टुडिओ हे गूगलचं अधिकृत साधन. फुकट आहे, पण त्याला किमान ८ जीबी रॅम लागते, आणि १६ असली तरच काम सुखाचं होतं. ४ जीबीवर ते कसंबसं उघडेल आणि मग ग्रेडल सुरू होईल. ग्रेडल म्हणजे तुमच्या कोडचं अ‍ॅप बांधून देणारा गडी. पहिल्या वेळी तो नेटवरून ढीगभर सामान उतरवून घेतो. खालची पट्टी सरकत राहते, पंखा घरघरतो, अर्धा तास काही होत नाही, आणि नवशिक्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. इथेच सोडून दिलेली कितीतरी हुशार मंडळी मी पाहिली आहेत. तालुक्याच्या दुकानात विचारा, या लॅपटॉपला रॅम वाढवता येते का आणि जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसते का. नवा लगेच घेऊ नका.

दुसरा कागदाचा. एका कर्जाचं गणित आधी शब्दांत लिहा. ५,००० रुपये कर्ज, दरमहा ५०० मुद्दल, शेकडा २. पहिल्या महिन्याला व्याज १००, दुसऱ्याला ४,५०० वर ९०, तिसऱ्याला ८०, असं दहा महिन्यांत ५५० रुपये. इथवर सोपं. आता एखादीनं मधला हप्ता चुकवला तर? कुणी एकदम २,००० आणून दिले तर? ते आधी व्याजात धरायचे की मुद्दलात? कर्ज २५ तारखेला दिलं तर पूर्ण महिन्याचं व्याज लावायचं का? याची उत्तरं तुमच्या गटात ठरलेली असतील, पण ती कुठं लिहिलेली नसतील, तुमच्या डोक्यात असतील. ती पाच-सहा वाक्यं नेमकी कागदावर उतरवा. तेच प्रोग्रामिंग आहे. कोटलिन, डार्ट वगैरे त्याच वाक्यांचं नंतरचं भाषांतर.

आणि जमतं का विचारलंत म्हणून सांगतो. सहा वर्षं वही सांभाळणाऱ्या बाईला हिशेबाचं जे कळतं ते आमच्याकडच्या नव्या मुलांना मला महिनाभर समजावावं लागतं.

रानवारा | ४ जून, सकाळी ११:०२

शेकडा २ महिना म्हणजे वर्षाला २४ टक्के झाले की! बँक याच्या निम्म्यात देते.

वहीवाली | ४ जून, दुपारी २:१०

रानवारा, व्याज जातं कुठं ते पाहा. ते गटातच राहतं आणि वर्षअखेरीस आम्हा चौदा जणींच्या नावावर वाटलं जातं. रात्री दहाला पोर तापानं फणफणलं तर बँक उघडी नसते, आमची अध्यक्ष असते.

कृष्णाकाठ दादा, तुमची ती वाक्यं लिहायला बसले. तीन लिहून झाली. चौथ्याला अडकले, कारण २,००० एकदम आले तर काय करायचं ते मी प्रत्येकीला वेगवेगळं करत आलेय असं लक्षात आलं! १० तारखेला मीटिंगमध्येच विचारते.

पाटीपेन्सिल | ४ जून, रात्री ९:३५

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आमच्या सातवी-आठवीच्या मुलांना मी एमआयटी अ‍ॅप इन्व्हेंटर शिकवते, आणि वहीवालीताईंनी तिथूनच सुरुवात करावी असं मनापासून वाटतं.

हे २०१० मध्ये गूगलनं काढलं, पुढे अमेरिकेतल्या एमआयटीनं चालवायला घेतलं. फुकट आहे आणि ब्राउझरमध्ये चालतं, त्यामुळे ४ जीबीचा लॅपटॉपही चालतो. कोड टाइप करायचा नाही, रंगीत ठोकळे एकात एक अडकवायचे. 'बटण दाबल्यावर' हा एक ठोकळा, त्याच्या पोटात 'बेरीज करून या पाटीवर दाखव' हा दुसरा. चुकीच्या जागी ठोकळा बसतच नाही. फोनवर त्यांचं कम्पॅनियन नावाचं अ‍ॅप घ्यायचं, लॅपटॉप आणि फोन एकाच वायफायवर ठेवायचे, पडद्यावरचा क्यूआर कोड टिपायचा, की आपलं अ‍ॅप आपल्या फोनवर.

मागच्या वर्षी एका मुलीनं आईसाठी दुधाच्या रतिबाचं अ‍ॅप केलं. सकाळ-संध्याकाळ लिटर टाकायचे, महिनाअखेरीला बिल. एवढंच. पण आईच्या फोनवर आपण केलेलं बटण चालताना बघून त्या पोरीचा चेहरा जो फुलला, तो अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

पाखरू | ४ जून, रात्री १०:०५

ठोकळ्यांत महिना घालवून पुढे पुन्हा सगळं नव्यानं शिकावं लागतं. थेट खरी भाषा का नको?

पाटीपेन्सिल | ४ जून, रात्री १०:२०

नव्यानं शिकावं लागत नाही. 'जर-तर', 'पुन्हा पुन्हा कर', 'ही किंमत या डब्यात ठेव' हे विचार तेच राहतात, फक्त लिपी बदलते. सायकल शिकलेल्याला मोटरसायकलचा तोल वेगळा शिकवावा लागत नाही.

चंदगडी | ५ जून, दुपारी १:४५

क्लासबद्दल सांगतो. बीसीए करतोय. मागच्या वर्षी ३५ हजार भरून चार महिन्यांचा अ‍ॅपचा क्लास लावला. नाव घेत नाही. सर पडद्यावर टाइप करायचे, आम्ही तसंच टाइप करायचो, चाललं की टाळ्या. चार महिन्यांत अकरा अ‍ॅपं 'केली', पण घरी येऊन कोरी फाइल उघडली तर पहिली ओळ सुचेना. वर त्यांचं सगळं जुन्या पद्धतीचं होतं. माझ्या लॅपटॉपवर नवा अँड्रॉइड स्टुडिओ, त्यात सर सांगतात ती एक्सएमएल फाइलच दिसत नव्हती. मला वाटायचं माझंच डाउनलोड बिघडलंय. वडिलांनी म्हशीच्या पैशातले दिलेले, म्हणून जास्त लागलं.

ताई, क्लासला पैसे घालू नका. त्यात रॅम येते.

कृष्णाकाठ | ५ जून, सायंकाळी ६:३०

चंदगडी, तुझं काहीच चुकलं नव्हतं. हे सगळ्यांनी समजून घ्या, कारण यूट्यूबवर शिकणाऱ्या प्रत्येकाला ही ठेच लागते.

सुरुवातीला अँड्रॉइडची अ‍ॅपं जावात लिहायचे आणि पडद्याची मांडणी वेगळ्या एक्सएमएल फाइलमध्ये असायची. २०१७ मध्ये गूगलनं कोटलिनला अधिकृत मान्यता दिली, २०१९ पासून तिलाच पहिली पसंती. मग २०२१ च्या जुलैत जेटपॅक कम्पोज पक्कं झालं आणि पडद्याची मांडणीही कोटलिनमध्येच लिहायची सोय झाली. आज स्टुडिओत 'एम्प्टी अ‍ॅक्टिव्हिटी' निवडली की कम्पोजवालाच सांगाडा मिळतो. जुनी पद्धत हवी तर 'एम्प्टी व्ह्यूज अ‍ॅक्टिव्हिटी' निवडावी लागते. व्हिडिओ २०१८ चा आणि स्टुडिओ आजचा, मग फाइल कुठून सापडणार?

म्हणून व्हिडिओ लावण्याआधी त्याची तारीख बघा. गूगलचा स्वतःचा 'अँड्रॉइड बेसिक्स विथ कम्पोज' हा कोर्स फुकट आहे आणि प्रोग्रामिंग अजिबात न येणाऱ्यांसाठीच बनवलेला आहे. इंग्रजीत आहे, पण वाक्यं लहान आहेत.

पाखरूशी माझं भांडण नाही. आयफोनवरही हवं असेल तर फ्लटर उत्तम. ताईंच्या गटात आयफोन किती?

वहीवाली | ५ जून, रात्री १०:३०

एकही नाही. चौदातल्या नऊ जणींकडे स्मार्टफोन आहे, सगळे अँड्रॉइड.

न्यूजर्सीकर | ६ जून, सकाळी ६:५०

बरंच झालं. मी आयफोनचीच अ‍ॅपं करतो. त्याला मॅक लागतो, कारण एक्सकोड, म्हणजे आयफोनची अ‍ॅपं बांधायचं साधन, दुसऱ्या कशावर चालत नाही. फुकटच्या खात्यावर स्वतःच्या फोनवर अ‍ॅप टाकता येतं, पण सात दिवसांनी त्याची मुदत संपते. स्टोअरवर ठेवायचं तर वर्षाला ९९ डॉलर. अँड्रॉइडवर नवशिक्याचा खर्च कमी आणि मोकळीक जास्त. ताई, मराठवाड्यातल्या माझ्या आत्याच्या गटातही हीच वही आहे. तुमचं झालं की तिला दाखवेन.

आजोबा_६७ | ६ जून, सकाळी ८:२०

एसटी महामंडळातून निवृत्त झालो आणि नातवाबरोबर हे शिकायला घेतलं. एक बारीक गोष्ट सांगतो, जी कुठल्याच कोर्सात सांगत नाहीत.

लॅपटॉपवरचा खोटा फोन, म्हणजे एम्युलेटर, वापरू नका. तो रॅम खातो. आपला खरा फोन केबलनं जोडा. त्यासाठी सेटिंगमध्ये 'अबाउट फोन'मध्ये जाऊन 'बिल्ड नंबर'वर सात वेळा बोट मारायचं. मग फोन सांगतो की तुम्ही आता डेव्हलपर झालात. त्यानंतर यूएसबी डिबगिंग, म्हणजे केबलवरून अ‍ॅप टाकायची परवानगी, चालू करायचं. एवढं करूनही मला लॅपटॉपवर फोन दिसेना. तीन दिवस. ड्रायव्हर टाकले, लॅपटॉप पुन्हा चालू केला, नातू रडकुंडीला आला. शेवटी कळलं की केबल नुसती चार्जिंगची होती. काही स्वस्त केबलींत माहिती वाहून नेणाऱ्या तारा नसतातच. शेजाऱ्यांची केबल लावली आणि क्षणात दिसला.

टिंब | ६ जून, सकाळी ८:३१

काका, तुमच्या या पोस्टीनं माझे वाया गेलेले दोन रविवार आठवले. केबलच असणार ती!

शब्दवेल्हाळ | ६ जून, दुपारी १२:१५

आजकाल एआयला सांगितलं की पूर्ण अ‍ॅप लिहून देतं. शिकायची गरज उरली आहे का?

चंदगडी | ६ जून, दुपारी १२:५०

माझ्या मित्रानं तसं कॉलेजचं प्रोजेक्ट केलं. चाललं. मग सरांनी एक रकाना वाढवायला सांगितला आणि तो रात्रभर बसला, कारण कुठली ओळ काय करते तेच ठाऊक नव्हतं. मी उलट करतो. कोड स्वतः लिहितो, लाल एरर आली की ती चिकटवून 'याचा अर्थ सोप्या मराठीत सांग' म्हणतो. क्लासच्या चार महिन्यांत शिकलो नाही ते यातून शिकलो.

कृष्णाकाठ | ६ जून, रात्री ९:००

चंदगडीला शंभर टक्के अनुमोदन. आणि पैशाचा हिशेब असेल तिथे तर एआयचं गणित वहीशी ताडून पाहायलाच हवं.

त्यावरून आठवलं, ताई. रुपये दशांशात ठेवू नका. संगणकाला ०.१ आणि ०.२ मिळवायला सांगितलं तर तो ०.३ देत नाही, ०.३०००००००००००००००४ देतो. सगळी रक्कम पैशांत, पूर्णांकात साठवा. १४७ रुपये ५० पैसे म्हणजे १४७५०. दाखवताना तेवढं भागायचं.

वहीवाली | १९ जुलै, रात्री ११:०५

मंडळी, दीड महिन्यानं येतेय. आधी मीटिंगचं सांगते. २,००० एकदम आले तर आधी व्याज, उरलेलं मुद्दलात, असं एकमतानं ठरलं आणि इतिवृत्तात लिहून घेतलं. सहा वर्षांत हा ठराव कधी झालाच नव्हता.

पाटीपेन्सिलताईंचं ऐकून ठोकळ्यांत सुरू केलं. तिसऱ्या रात्री पहिलं बटण चाललं. मुद्दल टाका, व्याज दिसतं. नवऱ्याला झोपेतून उठवून दाखवलं. पण चौदा जणींचे बारा महिने साठवायला लागले तेव्हा ठोकळ्यांचा पसारा पडद्यात मावेना, मग कोटलिनकडे वळले. लॅपटॉपला ८ जीबीची पट्टी आणि एसएसडी बसवून घेतली. क्लासचे पैसे वाचले ना, त्यातूनच. गूगलचा कोर्स रोज एक धडा, वहीत मराठीत उतरवून घेते.

सध्याची अडचण: नाव आणि रक्कम टाकून झाली आणि फोन आडवा झाला, की टाइप केलेलं सगळं जातं.

कृष्णाकाठ | २० जुलै, सकाळी ७:४०

अभिनंदन! ही अडचण येणं म्हणजे तुम्ही खऱ्या अँड्रॉइडमध्ये पोचलात. फोन आडवा केला की अँड्रॉइड तो पडदा मोडतो आणि नव्यानं बांधतो. तुमचं टाइप केलेलं नुसत्या 'रिमेंबर'मध्ये असणार, ते पडदा मोडेपर्यंतच लक्षात ठेवतं. त्याजागी 'रिमेंबर सेव्हेबल' लिहा. पुढे व्ह्यूमॉडेलचा (माहिती पडद्याबाहेर जपण्याचा) धडा येईल, तो घाईत करू नका.

पाखरू | २० जुलै, सकाळी ८:१०

बाकीच्यांना कसं देणार? प्ले स्टोअरवर?

न्यूजर्सीकर | २० जुलै, सायंकाळी ५:३०

प्ले स्टोअरचं खातं एकदाच २५ डॉलर भरून मिळतं. पण १३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेल्या वैयक्तिक खात्यांना एक अट आहे. आधी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस अ‍ॅप तपासणीसाठी घेतलेलं असावं लागतं. आधी २० जण लागायचे, २०२४ च्या शेवटी १२ केले. एकट्यानं शिकणारे इथंच अडतात, माणसं कुठून आणायची म्हणून. ताईंकडे तर घरचा गट आहे!

वहीवाली | २० जुलै, रात्री १०:१५

नऊ फोन माझ्या हिशेबात, तीन सुनांचे मिळतील. पण आत्ता तेवढी घाई नाही. अ‍ॅपची फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून दोघींच्या फोनवर टाकलीय.

आजोबा_६७ | २१ जुलै, सकाळी ६:३०

बाळा, सावध. मी असंच केलं होतं. मग नातवाच्या लॅपटॉपवर नवी आवृत्ती बांधली, तर जुन्यावर बसेचना. स्टुडिओ प्रत्येक संगणकावर तपासणीपुरती वेगळी डिजिटल सही करतो, आणि सही जुळली नाही तर फोन अ‍ॅप नाकारतो. मी जुनं काढून नवं टाकलं. जुन्याबरोबर माझ्या सगळ्या नोंदी गेल्या. स्वतःची पक्की सही बनवा, तिची फाइल आणि पासवर्ड दोन ठिकाणी जपून ठेवा. कागदाची वहीही वर्षभर बंद करू नका.

गणितमास्तर | २१ जुलै, सकाळी ९:४५

काकांशी सहमत. शिवाय त्यात कुणाचा आधार क्रमांक, बँक खातं ठेवू नका. फोन हरवतात. आणि ताई, पहिल्या दिवशी मी शीट पुरते म्हटलं होतं, ते मागे घेतो. ठरावाचं वाचून मागे घेतो.

वहीवाली | ११ सप्टेंबर, रात्री ११:४०

मदत हवी आहे. काल मीटिंगमध्ये अ‍ॅप पहिल्यांदा सगळ्यांसमोर चालवलं. माझ्या फोनवर व्यवस्थित. अध्यक्ष काकूंच्या फोनवर 'जतन करा' दाबलं की अ‍ॅप बंद. दरवेळी. सगळ्या बघत होत्या. लॉगकॅटमध्ये, म्हणजे स्टुडिओत दिसणाऱ्या फोनच्या नोंदींत, नंबर फॉरमॅट एक्सेप्शन (आकडा वाचता आला नाही अशी चूक) दिसतंय, आणि त्यापुढे अवतरणात चक्क "१४७.५०" असं देवनागरीत. मी कुठंच देवनागरी आकडे लिहिलेले नाहीत.

कृष्णाकाठ | १२ सप्टेंबर, सकाळी ७:०५

काकूंच्या फोनची भाषा मराठी आहे ना?

तुम्ही व्याज दोन दशांशांपर्यंत फॉरमॅट करून चौकटीत दाखवता, आणि जतन करताना चौकटीतलं वाचून पुन्हा आकडा बनवता. फॉरमॅट करताना भाषा सांगितली नाही की तो फोनची भाषा धरतो, आणि मराठीसाठी देवनागरी अंक देतो. उलट वाचताना दशांश संख्येला फक्त इंग्रजी अंक कळतात. गंमत म्हणजे पूर्णांक वाचताना देवनागरीही चालतात, म्हणून बचतीचा पडदा बंद पडला नाही. पैशांत, पूर्णांकात साठवा म्हटलं होतं, तिथं फक्त व्याजाची चौकट निसटली. दाखवलेलं परत वाचू नका. मूळ आकडा वेगळा ठेवा, पडद्यावर त्याचं नुसतं रूप दाखवा. इंग्रजीच अंक हवे असतील तर फॉरमॅटला लोकेल रूट (कुठल्याच भाषेची नसलेली तटस्थ सेटिंग) द्या.

ही चूक अनुभवी लोकांच्याही अ‍ॅपमध्ये निघते, कारण तपासणारे सगळे इंग्रजी फोन वापरतात.

पाटीपेन्सिल | १२ सप्टेंबर, दुपारी १:२०

उद्या वर्गात मुलांना हेच सांगणार. फोन मराठीत लावून तपासा म्हणून.

वहीवाली | १४ सप्टेंबर, रात्री १०:५०

झालं! मूळ आकडा पैशांत वेगळा ठेवला, काकूंच्या घरी जाऊन त्यांच्याच फोनवर पाच वेळा जतन करून पाहिलं. एकदाही बंद पडलं नाही.

लोकेल रूट टाकून अंक इंग्रजी केले होते. काकूंनी फोन लांब धरून पाहिला आणि विचारलं, "परवाचे आकडे कुठं गेले? ते मला वाचता येत होते." काकू चौथी शिकलेल्या, पासबुक कायम दुसऱ्याकडून वाचून घेतात. मी तिथंच बसून ती ओळ काढली. त्यांनी स्वतःची बाकी स्वतः वाचली, मोठ्यानं, ३,२४० रुपये.

आता दादा, पुढचा प्रश्न. वर्षअखेरीला प्रत्येकीला तिच्या नोंदींचा कागद छापून द्यायचाय, मराठीत. पीडीएफ कशी करतात?